चौथी सुट्टी कोणत्या नववर्षाची? इतवारीतल्या एका दुकानाचं प्रकरण

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका ठोक किराणा दुकानात डिसेंबर 2024 मध्ये एका पगारी सुट्टीवरून वाद पेटला. सुट्टी नववर्षाची असावी हे सगळ्यांना मान्य होतं. नववर्ष कोणतं, यावर मात्र पंचवीसेक माणसांच्या दुकानात पाच-सहा मतं निघाली. मी या दुकानाचे हिशेब, जीएसटी आणि आयकराचं काम पाहते. कामगार कायद्याच्या नोंदीही माझ्याकडेच असतात. त्यामुळे प्रश्न फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. मालक आणि कामगार दोघांना विचारूनच हे लिहिते आहे, नावं कुणाचीच देत नाही. प्रकरण लहान आहे, पण नववर्ष पाळायची चाल मुळात आली कुठून हे पाहिल्याशिवाय ते सुटत नव्हतं.

जागा मोकळी कशी झाली

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगाराला वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या मिळतात. त्यातल्या चार कायद्यानेच ठरवलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. या दुकानाच्या चार वर्षानुवर्षं त्याच होत्या: धुळवड, गुढीपाडवा, दसरा, लक्ष्मीपूजन. ईद आणि 14 एप्रिल ज्याला हवी त्याला दुकान वेगळी देत आलं आहे. दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत शेठजी स्वतःच शटर उघडत नाहीत, म्हणून दिवाळीचा पाडवा यादीत कधी नव्हता.

2025 चं कॅलेंडर हाती आलं आणि दोन गोष्टी दिसल्या. गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीतच गेलेला. आणि दसरा नेमका 2 ऑक्टोबरला. कायद्याची सुट्टी आणि दसरा एकाच दिवशी आल्यामुळे ती जागाही सुटली. दोन जागा मोकळ्या. एक जागा कुणी वाद न घालता मारबतीला गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की इतवारीत हातगाडीसुद्धा सरकत नाही, मालाच्या गाड्या तर दूरच. राहिली एक जागा. डिलिव्हरीच्या एका पोराने विचारलं, "पाडवा रविवारी गेला, मग आमची नव्या वर्षाची सुट्टी कुठं गेली?" तिथून सुरुवात झाली.

कोण काय म्हणालं

धाकट्या शेठजींना 1 जानेवारी सोयीची वाटत होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: 31 डिसेंबरच्या रात्री पोरं जागतात, सकाळी अर्धे येत नाहीत, आलेल्यांचं लक्ष नसतं, बाजारही थंड असतो. मुनीमजींना ते अजिबात पटलं नाही. आपलं नववर्ष पाडवा. रविवारी आला असेल तर त्याची बदली सोमवारी द्या. पण तो सोमवार म्हणजे 31 मार्च, आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, गोदामातलं पोतं न् पोतं मोजायचा दिवस. शिवाय चंद्र दिसला तर त्याच दिवशी रमजान ईद, आणि दुकानाचे दोन्ही ट्रकचालक मोमीनपुऱ्याचे. जरीपटक्याहून येणारे सेल्समन चेटीचंडचं, म्हणजे सिंधी नववर्षाचं, नाव घेऊन गप्प बसले, कारण तोही पाडव्याला लागूनच येतो. मोठे शेठजी म्हणाले, वर्ष वहीचं असतं, वही दिवाळीला बदलते. द्या दिवाळीच्या पाडव्याची सुट्टी. यावर हमाल नाराज झाले आणि त्यांचं चुकत नव्हतं. ज्या दिवशी दुकान तसंही बंद असतं तो दिवस सुट्टी म्हणून लिहिला, तर हाती काय आलं?

इथपर्यंत वाद सोयीचा होता. मग दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर डिसेंबरात फिरणारा तो मजकूर आला: 1 जानेवारी हे इंग्रजांचं नववर्ष, त्या दिवशी निसर्गात काहीच बदलत नाही, चैत्र प्रतिपदा हेच सृष्टीच्या आरंभापासूनचं एकमेव खरं नववर्ष. त्याला कुणीतरी तिखट उत्तर दिलं. दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, एकाने भरलेली गाडी दुसरा मोजेना. धाकट्या शेठजींचा फोन आला, "मॅडम, खरं नववर्ष कोणतं ते तुम्ही एकदा लिहून द्या, म्हणजे विषय संपेल."

असा निवाडा मी लिहून दिला नाही. दिला असता तर अर्ध्या दुकानाचं नववर्ष खोटं ठरलं असतं. त्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुमचा जुना हिशेब कोणत्या दिवशी मिटतो आणि नवा कोणत्या दिवशी उघडतो? माझ्या धंद्यातला प्रश्न आहे, पण नववर्षाच्या इतिहासाचं कुलूप त्यानेच उघडतं अशी माझी खात्री आहे.

हमालाचं उत्तर

सगळ्यात स्वच्छ उत्तर कुही तालुक्यातून येणाऱ्या एका वयस्क हमालाने दिलं. "माहा भाऊ सालगडी आहे जी. पाडव्याले त्याचा साल संपते. मालक हिशेब करते, मंग नवा साल धरते." गुढी, श्रीखंड, कडुनिंब यातलं काही तो आधी बोलला नाही. आधी बोलला तो हिशेब. वर्षाला ठरलेले पैसे किती, धान्य किती, मधे उचल किती घेतली, खाडे किती पडले ते वजा करून हाती किती राहिले. पटलं तर त्याच मालकाकडे पुढचं साल, नाही पटलं तर दुसरं शेत. घरातल्या मोठ्या माणसांनी त्या दिवशी गावी असावं लागतं, कारण बोलणीला दोन माणसं पाठीशी लागतात. पाडव्याची सुट्टी त्याला त्यासाठी हवी असते.

पाडव्यालाच का, हे शेत पाहिलं की कळतं. गहू-हरभरा निघालेला असतो, धान्य घरात आलेलं असतं, मृगाच्या पावसाला अजून दोन-अडीच महिने असतात. देणं चुकवायला मालकाकडे माल असतो आणि शेत सोडून जायला गड्याला उसंत असते. जुनं संपलंय, नवं लागलेलं नाही, अशी वर्षातली ही एकच फट. करार तिथेच बदलू शकतो.

जगातल्या सगळ्यात जुन्या ज्ञात नववर्षाची मांडणी हीच आहे. आजच्या इराकमध्ये, सुमेरियन लोकांच्या ऊर नगरात, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अकितू नावाचा सण वर्षातून दोनदा होत असे, एकदा बार्लीच्या कापणीला आणि एकदा पेरणीला. पुढे बॅबिलोनमध्ये तो निसन्नू महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या चैत्राच्या सुमारास, अकरा-बारा दिवसांचा थोरला राजोत्सव झाला. त्यातला पाचवा दिवस मला फार महत्त्वाचा वाटतो. राजाला मर्दुक देवाच्या मंदिरात एकट्याला नेत. पुजारी त्याची राजचिन्हं काढून घेई, त्याच्या गालावर चपराक मारी आणि त्याला देवापुढे गुडघे टेकायला लावी. राजाने म्हणायचं, मी अपराध केला नाही, बॅबिलोनकडे दुर्लक्ष केलं नाही, देवळांची हेळसांड केली नाही. मग चिन्हं परत मिळत, पुन्हा एक चपराक बसे, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर वर्ष चांगलं जाणार असं समजत. उत्सव, मिरवणुका, मेजवान्या हे सगळं होतंच. पण मधोमध होता तो वर्षाचा जाब. राजा असो की सालगडी, जुन्या वर्षाचा हिशेब दिल्याशिवाय नवं सुरू होत नाही. कुहीच्या शेतात खाडे मोजले जातात तेव्हा त्याच अतिप्राचीन कामाचा एक तुकडा चाललेला असतो.

शेठजींची वही आणि सतरा महिन्यांचं वर्ष

मोठे शेठजी मूळचे गुजराती, पण त्यांच्या आजोबांपासून घर इतवारीत. दिवाळीची वही त्यांनी मला मुद्दाम कपाटातून काढून दाखवली. लाल कापडाची बांधणी, लांबट पानं. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, त्याखाली 'श्री'ची उतरंड: वर एक, मग दोन, मग तीन, अशी शिखरासारखी खाली रुंदावत गेलेली. वर विड्याचं पान आणि सुपारी ठेवल्याचा तेलकट डाग. आता खरा हिशेब संगणकात असतो, तरी दर लक्ष्मीपूजनाला एक कोरी वही पुजली जाते आणि लॅपटॉपलाही कुंकू लागतं.

विक्रम संवत उत्तर भारतात चैत्रात बदलतो आणि गुजरातेत कार्तिकात. संवत 2082 उत्तरेत 30 मार्च 2025 ला लागला, गुजराती वहीत 22 ऑक्टोबर 2025 ला. नाव एक, आकडा एक, मधे जवळपास सात महिन्यांचं अंतर. कारण पुन्हा कामाचं आहे. पावसाळ्यात रस्ते आणि समुद्र दोन्ही बंद. पावसाळा संपला, खरीप बाजारात आलं, की व्यापाऱ्याचं वर्ष उघडतं. शेतकऱ्याचं वर्ष जिथे मिटतं तिथे व्यापाऱ्याचं मिटत नाही.

ही दिवाळी ते दिवाळी मोजणी नुसती पूजेपुरती नव्हती. आयकरासाठीही व्यापाऱ्याला आपलं वर्ष आपण निवडता येत असे, आणि इतवारीतल्या कितीतरी पेढ्यांचं करवर्ष दिवाळीला संपायचं. आकारणी वर्ष (ज्या वर्षी कर आकारला जातो ते) 1989-90 पासून सरकारने सगळ्यांचं वर्ष 31 मार्चला संपवलं. मग 1987 च्या दिवाळीला उघडलेल्या वहीचं काय करायचं? ती 31 मार्च 1989 पर्यंत चालली. सतरा महिन्यांहून थोडं जास्त लांबीचं एक वर्ष. त्यासाठी कायद्यात दरांची आणि सवलतींची वेगळी तजवीज करावी लागली होती. शेठजींना ते लख्ख आठवत होतं. "दोन दिवाळ्या गेल्या," ते म्हणाले, "अन् वर्ष एकच."

हे ऐकल्यावर मुनीमजी प्रथमच थोडे नरमले. वर्ष सरकारी हुकमाने लांबवता येतं हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं, फक्त तसं त्याकडे पाहिलं नव्हतं. असं जगात अनेकदा झालं आहे. रोममध्ये जादा महिना घालून वर्ष ऋतूंशी जुळवायचा अधिकार पुरोहितांकडे होता. कधी आपल्या माणसाची कारकीर्द लांबवायला तो महिना घातला जाई, कधी विरोधकाची आखूड करायला टाळला जाई. शेवटी कॅलेंडर ऋतूंपासून इतकं सरकलं, की ज्युलियस सीझरला ते दुरुस्त करताना इसवी सनपूर्व 46 हे वर्ष 445 दिवसांचं करावं लागलं. उलट थायलंडने 1 एप्रिलचं नववर्ष सोडून 1 जानेवारी घेतलं तेव्हा त्यांचं 1940 हे वर्ष नऊच महिन्यांचं झालं. आपल्याकडे हा प्रश्न अधिक महिन्याने सुटतो आणि तो गणिताने ठरतो, कुणाच्या मर्जीने नाही. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून पाडवा दरवर्षी अकराएक दिवस मागे येतो आणि अधिक महिना झाला की पुढे जातो. 2023 ला तो 22 मार्चला होता, त्या वर्षी अधिक श्रावण झाला, म्हणून 2024 ला 9 एप्रिल. मग 30 मार्च, मग 2026 ला 19 मार्च. ही घडण इतकी सुंदर आणि नेमकी आहे की तिचा अभिमान वाटावाच. त्यासाठी दुसऱ्याचं वर्ष खोटं ठरवायची गरज मला दिसत नाही.

1 जानेवारी कुणाची?

ग्रुपवरच्या मजकुरातलं एक वाक्य बरोबर होतं: 1 जानेवारीला आकाशात किंवा शेतात काही विशेष घडत नाही. पण ती इंग्रजांची म्हणणं चुकीचं आहे. ती रोमन आहे आणि एका नेमणुकीची तारीख आहे. रोमचे दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, पूर्वी 15 मार्चला कारभार हाती घेत. इसवी सनपूर्व 153 मध्ये स्पेनकडे बंड झालं; सेनापतीला लवकर रवाना करायचं म्हणून पदभाराचा दिवस 1 जानेवारीवर आणला आणि तो तिथेच राहिला. इंग्रजांचं स्वतःचं कायदेशीर वर्ष पुढे कित्येक शतकं 25 मार्चला सुरू होत असे. 1 जानेवारी त्यांनी 1752 मध्ये स्वीकारली. त्याआधीचं 1751 हे वर्ष त्यांच्या कायद्यात फक्त 282 दिवसांचं होतं.

आणि या तारखेला नागपुरात काहीच अर्थ नाही, असंही म्हणता येत नाही. दुकानातले दोन हमाल दर 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. 1818 ची ती लढाई, 1927 मध्ये त्याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विजयस्तंभाला दिलेली भेट, हे त्यांच्यासाठी वर्षारंभाचं कारण आहे आणि ते दिवे-फटाक्यांशी जोडलेलं नाही. त्याच सकाळी सीताबर्डीच्या टेकडी गणपतीसमोर दर्शनाची लांबच लांब रांग असते. रोमन नेमणुकीच्या तारखेवर लोकांनी आपापली श्रद्धा आणून ठेवली, आणि ती आता त्यांचीच आहे.

मजकुरातलं दुसरं वाक्य, चैत्र प्रतिपदा एकमेव आणि अनादि असल्याचं, आपल्याच परंपरेत टिकत नाही. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात वर्ष माघ शुद्ध प्रतिपदेला, उत्तरायणापासून सुरू होतं. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत जो सुहूर सन येतो, तो सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पावसाबरोबर महसुलाचं वर्ष. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, 6 जून 1674 रोजी. आणि ज्याला आपण शालिवाहन शक म्हणतो त्याला शालिवाहनाचं नाव बऱ्याच नंतर जोडलं गेलं. इसवी सन 78 पासूनची ती गणना कुषाण किंवा पश्चिम क्षत्रपांच्या राजवटीतून आली, असं अभ्यासक मानतात. यातल्या कशानेही पाडव्याची गुढी तसूभर खाली येत नाही. पण दुकानात हे सांगितलं तेव्हा मृगसालावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. शेठाणींचं माहेर कच्छचं, आणि कच्छी लोकांचं नववर्ष आषाढी बीजेला असतं, पावसाच्या तोंडावर. घरात कुणी त्याला नववर्ष म्हणत नव्हतं. त्या दिवशी त्या प्रथमच म्हणाल्या.

चालकांपैकी थोरल्या चाचांनी मोहरमची गोष्ट थोडक्यात सांगितली. हिजरी वर्षाचा पहिला दिवस ते सण म्हणून साजरा करत नाहीत, मोहरम शोकाचा महिना. पण हिजरी सन सुरू का झाला, तर परंपरेप्रमाणे खलिफा उमर यांच्याकडून येणाऱ्या कागदांवर वर्ष नसे, कोणता हुकूम आधीचा आणि कोणता नंतरचा ते कळेना. तारखेचा घोळ निस्तरायला सन लागला. शेठजींकडे एका बंगाली चहा व्यापाऱ्याचं दर एप्रिलला हालखात्याचं निमंत्रण येतं; पैला बैसाखला नवी खातेवही, जुनी उधारी चुकती, ग्राहकाला मिठाई. तो बंगाली सनही परंपरेने अकबराच्या काळच्या शेतसारा वसुलीशी जोडला जातो, कारण चांद्र हिजरी वर्ष पिकांशी जुळत नव्हतं.

बिलिंगच्या टेबलावर

जिला कुणी विचारलंच नव्हतं ती म्हणजे बिलिंग करणारी ताई. तिचं उत्तर ठाम होतं: 1 एप्रिल. 31 मार्चच्या रात्री ती शेवटचं बिल काढते, साठ्याचा आकडा संगणकाशी जुळवते, आणि 1 एप्रिलला बिलांची मालिका पुन्हा एकपासून सुरू होते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येता कामा नये. "31 डिसेंबरला मी दहा वाजता झोपते," ती म्हणाली, "माझी जागरणाची रात्र 31 मार्च." हमाल, मापाडी, चालक, मुनीम, सगळे त्या रात्री थांबतात. दुकानातल्या एकूण एक माणसाने बरोबर घालवलेली वर्षातली ती एकच रात्र, आणि नववर्षाच्या यादीत तिचं नावही नव्हतं.

1 एप्रिल ही सरकारी तारीख, तिच्यात जीव नाही, असं मुनीमजी म्हणाले. सरकारी आहे हे खरंच. इंग्रज सरकारने हिंदुस्थानचं आर्थिक वर्ष 1 मेवरून 1 एप्रिलवर आणलं ते 1867 मध्ये. पण रोमन 1 जानेवारी सरकारी होती, बंगाली बैसाख सरकारी होता, मृगसाल महसुली होतं. लोकांनी त्या तारखेला बरोबर राबायला, देणं चुकवायला आणि गोड खायला सुरुवात केली तेव्हाच त्यांचा सण झाला. माझं म्हणणं मी टिपणात एवढंच लिहिलं: नववर्ष आकाश देत नाही, आकाश खुणा देतं. एखादं काम मिटवून दुसरं उघडायला जिथे माणसं एकत्र येतात तिथे ते उभं राहतं. म्हणून कोणतं नववर्ष खरं, असं विचारू नका; या दुकानाचं काम कुठे मिटतं, असं विचारा.

काय ठरलं

20 डिसेंबरच्या आसपास गोदामात बैठक झाली. मोकळी जागा 1 एप्रिल 2025, मंगळवारला द्यायची असं ठरलं. कारणं सगळी व्यवहाराची होती. वार्षिक हिशेबासाठी त्या दिवशी बँका ग्राहकांना बंद असतात, म्हणजे चेक, भरणा, वसुली तशीही थांबलेली. आदल्या रात्रीचं जागरण भरून निघतं. ईद सोमवारी आली तर चालक सोमवारी सुटतात आणि मंगळवारी सगळ्यांबरोबर. चंद्र एक दिवस उशिरा दिसला तर मंगळवार आहेच. रविवारचा पाडवा, त्यानंतरची मोजणी आणि सुट्टी असे दिवस लागून आल्यामुळे गावाकडे जाणाऱ्यांना सालाच्या बोलणीला रविवार निवांत मिळणार होता. 31 मार्चला नऊ तासांपुढे जेवढं काम होईल त्याचा दुप्पट दराने ओव्हरटाइम, जो कायद्याने द्यावाच लागतो पण आजवर जेवणावर भागवला जात होता, तो लेखी कबूल झाला. हे मी आग्रहाने लिहून घेतलं. भीमा कोरेगावला जाणाऱ्या दोघांची 1 जानेवारीची रजा अडवायची नाही, हेही त्याच कागदावर आलं.

डिलिव्हरीची पोरं खूश नव्हती. त्यांना 1 जानेवारी दुपारी बारापासून कामावर यायची सवलत मिळाली, सुट्टी नाही. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. दुकानाचं वर्ष त्यांनी मान्य केलं, पण त्यांचं स्वतःचं, मित्रांबरोबरचं वर्ष दुसऱ्याच तारखेला उघडतं, आणि त्याला ना शेताचा आधार आहे ना वहीचा, म्हणून ते कमी ठरत नाही.

ईद 31 मार्चलाच आली. चालक नव्हते म्हणून मोजणीत माणसं कमी पडली, तेव्हा धाकटे शेठ स्वतः पोती मोजायला उतरले. साखरेच्या थप्पीत पोत्यांचा फरक निघाला, तो परत मोजल्यावर जुळला. रात्री उशिरा ताईने शेवटचं बिल बंद केलं. चाचांनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला होता, शेठाणींनी गोड बुंदी आणली होती, आणि आदल्या दिवशीच्या पाडव्याची साखरगाठ कुणाच्या तरी पिशवीत होती. मोठ्या शेठजींनी सगळ्यांना पाकिटं दिली. ही त्यांची दिवाळीची चाल. मार्चमध्ये पाकीट देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. बोलणं सोडलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या मोजणीवर सही केली.

2026 ची यादी करताना पाडवा 19 मार्चला, गुरुवारी आला, म्हणजे त्याची जागा परत त्याला द्यावी लागली. दसराही या वेळी 2 ऑक्टोबरला नव्हता. पण लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी असल्यामुळे एक जागा पुन्हा सुटली. मारबत की 1 एप्रिल यावर हात वर करून मत घेतलं, 1 एप्रिलला थोडे जास्त पडले. त्याच 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि 'मागील वर्ष' (कमाईचं) व 'आकारणी वर्ष' जाऊन एकच 'कर वर्ष' येतं, त्यामुळे ताईचं आणि माझं त्या आठवड्यातलं काम दुप्पट असणार आहे. 2027 ला मात्र पाडवा 7 एप्रिलला, बुधवारी आहे आणि चारपैकी एकही सण रविवारी पडत नाही. 1 एप्रिल ठेवायची तर जुनी एखादी सुट्टी सोडावी लागेल, आणि पोरांनी 1 जानेवारीचा अर्ज आत्ताच लिहून माझ्याकडे दिला आहे. या वेळी बैठक डिसेंबरची वाट न पाहता दिवाळीनंतर, लाभपंचमीच्या आठवड्यात घ्यायची असं दोन्ही बाजूंना कळवलं आहे.